मंगळवारचं काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची उपासना सुटली होती, बाहेर भुरभुर पाऊस होता आणि मी गाडी काढायच्या घाईत होतो. चर्चच्या पायऱ्यांवर आमच्या मंडळीतल्या एक ताई भेटल्या. पंचावन्नच्या आसपासच्या. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात नवऱ्याच्या डायलिसिसची फाइल. उपासनेलाही फाइल बरोबर का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्या म्हणाल्या, "दादा, मंगळवारचं काय करू, काही सुचत नाही." मी म्हणालो, "काळजी करू नका ताई, प्रभू आहे ना." त्या म्हणाल्या, "हो, तोच आहे आता." मी छत्री उघडली.

घरी जाऊन जेवलो, दुपारी आडवा झालो, तेव्हा डोक्यात किडा वळवळला: मंगळवारचं काय, हे मी विचारलंच नव्हतं. बायकोला विचारलं, तर तिला सगळं ठाऊक. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नेहमीचा रिक्षावाला खाली गाडी लावून वर यायचा, त्यांना खांदा देऊन उतरवायचा. तो महिनाभर गावी गेला होता. मुलगा बडोद्याला नोकरीला. म्हणजे 'मंगळवार' हा विश्वासाचा प्रश्न नव्हताच. दोन जिने होते, सकाळचे सहा वाजलेले होते आणि एका धडधाकट माणसाची गरज होती. मी धडधाकट आहे. माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. आणि मी त्यांना एक वचन ऐकवून आलो होतो.

ही कबुली आधी दिली, कारण पुढे जे म्हणायचं आहे ते दुसऱ्या कुणावर बोट रोखून म्हणायचं नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये 'काळजी करू नका, देवावर भरवसा ठेवा' हे वाक्य ज्या सढळपणे वाटलं जातं, त्याबद्दल माझी तक्रार आहे. वाक्य खोटं आहे, अशी ती तक्रार नाही. हे वाक्य ऐकवल्याने काळजी नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते, एवढंच माझं म्हणणं आहे. सांगणाऱ्याच्या डोक्यावरून ती उतरते आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आहे तिथेच राहते. वर आणखी एक गाठोडं चढतं: आपल्याला काळजी वाटते म्हणजे आपला विश्वास कमी पडतोय, ही टोचणी.

घरात कोण काळजी करत नाही आणि त्याची काळजी कोण करतं, हे एकदा बघावं. नारायण वामन टिळकांचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं. हात इतका सैल, की खिशातले पैसे घरी पोहोचायच्या आत कुणा गरजवंताच्या हातात जात. बाहेरून आणलेल्या मुलांना घरात आसरा मिळे. कवी म्हणून, भक्त म्हणून तो माणूस मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलेलं वाचताना हसता हसता मध्येच थांबायला होतं. त्या घरात उद्याची काळजी न करण्याचं खातं टिळकांकडे होतं आणि काळजी करण्याचं लक्ष्मीबाईंकडे. पीठ संपलंय का, आलेल्या पोरांना पांघरायला काय, हे बघणारं कुणीतरी होतं, म्हणून आकाशातल्या पाखरासारखं जगणं एकाला जमलं. लक्ष्मीबाईंनी तक्रारीचा सूर फारसा लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. आपण मात्र त्यांच्या वतीने तो लावायला हरकत नाही. आपल्याकडच्या किती 'विश्वासू' घरांत आजही हीच वाटणी आहे! भाऊ साक्ष देतात, "देवाने पुरवलं." घरातल्या बाईला माहीत असतं, की देवाने ते पुरवलं तिच्या भिशीतून.

आता वचनाकडे येऊ. ज्या उताऱ्याच्या जोरावर आपण हे बोलतो, तो आपण अर्धवट वाचतो, असं माझं मत आहे.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली पाखरं आणि रानफुलं सगळ्यांना पाठ असतात. तोच उपदेश लूकच्या बाराव्या अध्यायात आहे. तिथे त्याच्या लगेच आधी कोण येतो? तो धनवान शेतकरी, ज्याला इतकं पिकलं की कोठारं मोडून मोठी बांधावी लागणार होती. तो स्वतःच्या जिवाला सांगतो, पुष्कळ वर्षं पुरेल इतका माल आहे, विसावा घे, खा, पी, मजा कर. नीट बघा, या माणसाला काडीचीही चिंता नाही. अख्ख्या अध्यायात एवढा निवांत माणूस दुसरा नाही. आणि देव त्याला मूर्ख म्हणतो. म्हणजे नुसतं निश्चिंत असणं हा काही विश्वासाचा पुरावा नव्हे. भरलेल्या कोठारातूनही ते येतं, आणि दरमहा एक तारखेला खात्यात जमा होणाऱ्या पगारातूनही येतं. व्यासपीठावरून निश्चिंत राहा म्हणणाऱ्याने, मीही त्यात आलो, आपली निश्चिंती यांपैकी कुठून आलीय, हे एकदा तपासावं.

त्यानंतर येशू शिष्यांना म्हणतो, 'ह्यास्तव' चिंता करू नका. आणि हा उपदेश संपतो कुठे? फुलांवर नव्हे. तेहेतिसाव्या वचनात तो म्हणतो, जे तुमचं आहे ते विका आणि दानधर्म करा. म्हणजे एका टोकाला साठवणारा एकटा माणूस, दुसऱ्या टोकाला वाटणारी माणसं, आणि मध्ये 'चिंता करू नका'. दोन्ही टोकं कापून मधला तुकडा फ्रेममध्ये लावला, की त्याचं दिनदर्शिकेवरचं सुवचन होतं. माझ्याही घरात ते टांगलेलं आहे, चिमण्यांच्या चित्रासकट.

'अहो अल्पविश्वासी' असं येशू त्याच उपदेशात म्हणतोच की, असं कुणी म्हणेल. म्हणतो खरा. पण ज्यांना म्हणतो त्यांच्याबरोबर तो रस्त्याने चालत होता, त्यांच्याच ताटात जेवत होता आणि ती भुकेली असतील तेव्हा भाकरीची सोय आधी बघत होता. त्या नात्यातून आलेला तो शब्द आहे. छत्री उघडता उघडता बोललेला नव्हे.

शिवाय हा उपदेश अनेकवचनी आहे. तू चिंता करू नकोस, असं नाही, तुम्ही करू नका. प्रभूची प्रार्थनाही तशीच: 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.' 'माझी' भाकर मागायची सोयच त्या प्रार्थनेत ठेवलेली नाही. शेजारच्या घरात भाकर नसेल, तर माझी प्रार्थना अर्धीच ऐकली गेली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आणि उरलेली अर्धी ऐकायची पाळी बहुधा माझी असते.

यापेक्षा मोठा पुरावा पौलाच्या पत्रांत आहे, आणि तो मराठीत वाचताना निसटतो. 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे फिलिप्पैकरांस पत्रातलं चौथ्या अध्यायाचं वचन आपण लग्नापासून मयतीपर्यंत सगळीकडे वाचतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे ते 'मेरिम्नाओ'. आता त्याच पत्रात दोन अध्याय मागे जा. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्याबद्दल लिहितो, की तुमची खरी काळजी करील असा याच्यासारखा दुसरा कुणी माझ्याजवळ नाही. तिथेही क्रियापद तेच. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो शरीराचं उदाहरण देतो आणि म्हणतो, अवयवांनी एकमेकांची सारखीच काळजी घ्यावी. पुन्हा तेच क्रियापद. आणि दुसऱ्या पत्रात फटके, तुरुंग, जहाजं फुटणं अशी संकटांची यादी संपवून तो म्हणतो, याशिवाय सगळ्या मंडळ्यांविषयीची चिंता मला रोज लागलेली असते. तिथे त्याच धातूचं नाम आहे.

म्हणजे एकाच लेखणीतून, एकाच शब्दात, एकीकडे मनाई आणि दुसरीकडे आज्ञा. पौल विसरभोळा होता, असं समजायचं का? मला तसं वाटत नाही. स्वतःभोवती घिरट्या घालणारी काळजी सोडा आणि एकमेकांची काळजी धरा, असा तो हिशोब आहे. दुसरा अर्धा भाग घडत असेल तरच पहिला जमतो. माझी काळजी करणारे चार जण आहेत, हे ठाऊक असेल तर मी माझी काळजी खाली ठेवू शकतो. नसतील, तर ती खाली ठेवणं म्हणजे रस्त्यावर टाकून देणं.

गंमत म्हणजे मराठीला हे ग्रीकशिवाय कळतं. गावी आईचा फोन ठेवताना आपण रोज दोन्ही वाक्यं एका दमात बोलतो: काळजी करू नको, काळजी घे. 'करणं' आणि 'घेणं' यांतला फरक आपल्या जिभेवर आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं मराठी वचन याच फरकावर उभं आहे: आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. आणि त्याच्या पुढचंच वचन काय सांगतं? सावध असा, जागे राहा. चिंता टाकून झोपा, असं पेत्र म्हणत नाही.

पौलाचं ते पत्र तुरुंगातलं आहे, हे आपण भाषणात आवर्जून सांगतो. तुरुंगात असूनही तो आनंदी होता, बघा केवढा विश्वास! पण त्याच अध्यायाच्या शेवटी तो ज्याबद्दल आभार मानतो, त्याकडे आपण घाईने जातो. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती, आणि हा एपफ्रदीत त्या कामात मरणाच्या दारातून परत आला होता. 'माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे बरं केलंत,' असं पौल लिहितो. चिंताक्रांत होऊ नका म्हणणाऱ्या माणसाच्या मागे एक आख्खी मंडळी होती.

आणि पंडिता रमाबाई.

'विश्वासाने चालणारं काम' म्हटलं की आपल्याकडे रमाबाईंनी निराधार बायामुलींसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडात ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर यांनी कुणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर, हजारो अनाथ मुलं सांभाळली. त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं, आणि त्याच वाटेने आपणही जावं, असं त्यांना वाटलं. पण रमाबाईंचा विश्वास कशातून तावून निघाला होता, हे विसरून चालणार नाही. १८७४ च्या सुमारास, दुष्काळात, त्यांनी काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. घरात दैवभक्ती कमी नव्हती. व्रतं झाली होती, दानं झाली होती, तीर्थयात्रा झाल्या होत्या. पण विद्वान ब्राह्मणाने अंगमेहनत करायची नाही, भीक मागायची नाही, ही घराण्याची रीत. शेवटी वडील जलसमाधीला निघाले, तेव्हा भाऊ म्हणाला, मी मजुरी करीन. ते वाक्य मला त्या सगळ्या कहाणीत सर्वांत पवित्र वाटतं. पण तोवर उशीर झाला होता. पुढे नवराही दीड-दोन वर्षांच्या संसारानंतर पटकीने गेला.

असं सगळं पाहिलेली बाई जेव्हा देवावर भरवसा ठेवते, तेव्हा ती काय करते? १८९६ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाते, उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना गोळा करते, आणि काही महिन्यांत तीनशेच्या घरात मुली घेऊन येते. त्यांना ठेवायला पुरेशी जागा नाही, पुण्यात प्लेगची धामधूम, सरकारी निर्बंध. मग केडगावच्या शेतावर मांडव पडतात, खोपटी उभी राहतात. विहिरी खोदल्या जातात, भाजीपाला लावला जातो. पुढे माग येतात, तेलाचा घाणा येतो, गाईगुरं येतात, छापखाना येतो. मुली खिळे जुळवायला शिकतात, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात छापलं जातं. १९०० च्या आसपास तिथल्या मुलीबायांची संख्या २,००० च्या जवळ गेली होती. एवढ्या माणसांच्या रोजच्या दोन वेळच्या जेवणाला किती धान्य लागतं, हे कुणीतरी रोज मोजत असणारच. भाकरीची प्रार्थना आणि भाकरीचं मोजमाप, दोन्ही एकाच अंगणात चालत होतं.

म्यूलर यांचंही तसंच. देवाकडे मागायचं आणि कुणाला सांगायचं नाही, असा त्यांचा बाणा, आणि पै-पैचा हिशोब ठेवून वार्षिक अहवाल छापणारा माणूसही तोच. 'मी देवावर सोडलंय' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या कैक संस्थांना हा दुसरा भाग आठवत नाही. लेखापरीक्षक आला की त्यांचा भरवसा डळमळतो. असो.

रमाबाईंना निश्चिंत म्हणता येईल का? मला ठाऊक नाही. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या बाईच्या उशीखाली काय काय होतं, कुणी सांगावं. पण इतरांच्या उशीखालचं त्यांनी उचलून आणलं होतं, हे केडगावात आजही दिसतं.

दुसरी बाजू आता लांबवत नाही, पण बोललंच पाहिजे असं एक आहे. चिंता हा अविश्वास, आणि अविश्वास हे पाप, असं गणित मांडलं, की ज्याला चिंतेचा आजार आहे तो माणूस सरळ पापी ठरतो. माझ्या नात्यातली एक मुलगी तीन वर्षं गोळ्यांवर ठीक चालली होती. झोप लागत होती, नोकरी टिकली होती. एका प्रार्थनासभेत तिला सांगितलं गेलं, की गोळी म्हणजे देवावर अर्धा भरवसा. तिने घरात कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पुढचे चार महिने आम्ही कसे काढले, ते लिहिण्यासारखं नाही. सांगणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याने मनापासून हात ठेवून प्रार्थना केली होती. पण त्या चार महिन्यांत तो एकदाही आला नाही. तो पुढच्या गावी होता.

मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील, हे वचनाचा दाखला देऊन सांगणारा बायबलमध्ये कोण आहे? सैतान. स्तोत्र एक्याण्णव त्याला तोंडपाठ होतं. येशूने त्याला उत्तर दिलं, देवाची परीक्षा पाहू नको. लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने प्रार्थना कर असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. आणि आपल्या महाराष्ट्रात मिशनने काय उभारलं? मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला. ज्यांनी आपल्या आजोबांना वचन दिलं, त्यांनीच त्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवलं. त्यांच्या नातवंडांनी गोळीला अविश्वास म्हणावं, हा इतिहासाचा विसरच म्हणायचा. मनाच्या त्रासासाठी सरकारची 'टेलि-मानस' नावाची मोफत सेवा आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक. मंडळीच्या फलकावर आपण वाढदिवस लावतो, लग्नाचे वाढदिवस लावतो. हा क्रमांक मी तरी कुठल्या चर्चच्या फलकावर अजून पाहिलेला नाही.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो आमच्या घरातच येतो. माझी आत्या, वय ब्याऐंशी, म्हणते, "तू देवाला काढून टाकलंस आणि तिथे रिक्षा उभी केलीस." तिचं म्हणणं असं: माणसं येतात, माणसं जातात. रात्री तीनला जाग येते तेव्हा मंडळीतलं कुणी येत नाही. तेव्हा कोण असतं?

या प्रश्नाला मी बगल देणार नाही. माझे वडील आजारी होते त्या शेवटच्या वर्षात आमच्या घरी माणसांची कमतरता नव्हती. एस. टी. मधून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका रोज पहाटे साडेपाचला यायचे, दुधाची पिशवी दाराच्या कडीला न लावता स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचे आणि वडिलांच्या खाटेजवळ स्टुलावर बसायचे. दोन तास. तेवढे दोन तास आई झोपायची. बोलायचे काही नाहीत. कधी वडिलांनी विचारलं तर कुठल्या तरी जुन्या मुक्कामी गाडीचं वेळापत्रक सांगायचे: कर्जत, श्रीगोंदा, काष्टी. वडिलांना ते आवडायचं. तरीही रात्र वडिलांची एकट्याचीच होती. आम्ही सगळे शेजारच्या खोलीत होतो आणि ते एकटे होते. तिथे काका पोहोचू शकत नव्हते, आई पोहोचू शकत नव्हती. पुढे पुढे ते शांत होत गेले. ती शांती औषधाची होती की वयाची, की आत्या म्हणते ती, मी ठरवू शकत नाही. पण तिथे कुणीच नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा आत्याचं मला मान्य आहे. काही काळज्या अशा असतात की त्यांना दुसऱ्याचा खांदा पुरत नाही. रिपोर्टात काय येईल, पोरगं परत बोलेल का, मेल्यावर काय. तिथे देवावर टाकणं म्हणजे खरोखर टाकणंच, दुसरा अर्थ नाही. पण माझं म्हणणं एवढंच, की या काळज्या थोड्या असतात. आपण ज्या काळज्या देवाच्या नावाने चिठ्ठी लिहून पाठवतो त्यातल्या बऱ्याचशा दोन जिन्यांच्या असतात. आणि त्या देवाने आधीच आपल्या पत्त्यावर परत पाठवलेल्या असतात.

गेथशेमाने बागेत येशूचं काय झालं, तेही आत्याला मी आठवण करून देतो. 'माझ्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे,' असं तो म्हणाला. घामाचे रक्तासारखे थेंब पडले, असं लूक लिहितो. पित्यावर त्याच्याइतका भरवसा कुणाचा असणार? तरी प्रार्थनेला जाताना तो तिघा शिष्यांना बरोबर घेऊन गेला आणि म्हणाला, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. प्रार्थना त्याची त्यानेच केली. जागं राहायला मात्र त्याला माणसं हवी होती. आणि ती झोपली.

मग मंडळीने करायचं काय? भाषणं कमी करावीत, हे एक. दुसरं, पैशाकडे बघावं. वसईच्या कॅथलिक समाजात एका धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९१८ साली सहकारी पतसंस्था निघाली. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याने सुटावं, हा हेतू. त्याचीच आजची बसीन कॅथलिक बँक. त्या काळच्या वसईतल्या वाडीवाल्याला 'सावकाराची चिंता प्रभूवर टाक' असं व्यासपीठावरून सांगणं सोपं होतं. त्याऐवजी कमी व्याजाचं कर्ज देणारं खातं निघालं. मला ते पाखरांच्या उपदेशाचं उत्तम भाष्य वाटतं. आमच्या मंडळीच्या गेल्या वार्षिक सभेत कंपाउंडची भिंत आणि नवीन साउंड सिस्टिम यांवर पाऊण तास चर्चा झाली. आजारी सभासदांसाठीचा 'साहाय्य निधी' ताळेबंदात एका ओळीत होता, आणि वर्षभरात त्यातला एक रुपयाही खर्च झाला नव्हता. खजिनदारांनी ही शिल्लक अभिमानाने वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

हंगामाच्या सणाला वेदीसमोर भोपळे, कणसं, कोथिंबिरीच्या जुड्या, कुणाचा एखादा कोंबडा असं सगळं येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. पन्नास रुपयांचा नारळ हौसेने पाचशेला जातो. तो पैसा कुठे जातो, हे विचारायला लाजू नये, एवढं तरी आपण करू शकतो.

त्या सोमवारी रात्री मी ताईंना फोन केला. मंगळवारी पहाटे पावणेसहाला त्यांच्या दारात होतो. नवरा माणूस अबोल, पण जिना उतरताना त्याने माझ्या खांद्यावर जो भार टाकला त्यावरून कळलं, की ताई एकट्याने हे करायच्या विचारात होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी फाइलची पिशवी मांडीवर घेतली, आणि मला तेव्हा कळलं, की ती रविवारी उपासनेला का आली होती. कुणीतरी मागेल, बघेल, विचारेल, म्हणून.

आता एक शंभर पानी वही आहे. उपासनेनंतर प्रार्थनेचे विषय वाचले जातात, तेव्हा ती मागच्या बाकावरून फिरते. कुणाला काय हवंय आणि कोण करणार, असे दोन रकाने. पहिला रकाना भरायला लोक लाजतात, दुसरा भरायला त्याहून जास्त. मंगळवार माझा आहे. गुरुवार तरुण संघातल्या दोन पोरांनी वाटून घेतलाय. त्यांच्यातला एक नेहमी उशिरा येतो, त्यावरून ताई मलाच ओरडतात. कंडक्टरकाका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, जिना त्यांना झेपत नाही, पण केंद्रावर जाऊन चार तास शेजारी बसायला ते तयार असतात. शनिवार एका बँकेतल्या भाऊंनी घेतला होता, त्यांची बदली झाली. दिवाळीच्या आठवड्यातला शनिवार वहीत अजून कोरा आहे.